धमनीचं माप घेणारा माणूस

सकाळचे पावणेसात झाले होते. भोसरीतून चऱ्होलीला जायला मी गाडी बाहेर काढत होतो. मुरलीधर सोनटक्केला घेऊन आठ वाजता हॉस्पिटलात पोचायचं होतं. फोन वाजला, नाव त्याचंच. मला वाटलं, नेहमीसारखं म्हणणार, ‘युनूसभाई, मोशीकडून येऊ नको राव, तिकडं कंटेनर अडकलाय.’ पण पलीकडं शोभावहिनी होत्या. “भाऊ, घाई करू नका आता... हे गेले.” पहाटे उठला, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला, छातीत दुखतंय म्हणाला. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. एवढं सांगून वहिनी थांबल्या आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला. “चहासुद्धा घेतला नाही हो त्यांनी! तुमच्या त्या तपासणीपायी उपाशी गेला माझा माणूस!”

मी गाडी तशीच चालू ठेवून फाटकात उभा राहिलो.

दोन महिने होत आले त्याला. घरी बायको म्हणते, मित्राबद्दल बोलताना तुमचे डोळे असे काय चमकतात, लोक काय म्हणतील? खरंय तिचं. पण करू काय! सोनटक्केबरोबरचं शेवटचं वर्ष आठवलं की रडू येण्याच्या आधी छातीत काहीतरी उसळतंच. बासष्ट वर्षांचा माणूस, दोन मजले चढला की कठड्याला धरून उभा राहणारा, आणि उत्साह असा की मी निरोगी असून धापा टाकायचो.

आमची ओळख चाकणच्या कंपनीतली. मी टूलरूममध्ये, म्हणजे जिथं कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात तिथं. तो क्वालिटीच्या एसी खोलीत, जिथं आम्ही बनवलेल्या प्रत्येक वस्तूचं माप तपासलं जायचं. नावातच टक्के, त्यामुळं शंभरातला एकही टक्का सोडायचा नाही, अशी आम्ही त्याची टर उडवायचो. एकदा माझा एक भाग त्याने तीनदा परत पाठवला. मी तणतणत त्याच्या खोलीत गेलो तर साहेब शांतपणे म्हणाले, “बस. घाम पुस. तुझ्या हातात होता म्हणून गरम आहे, गरम लोखंड फुगतं. अर्ध्या तासानं दोघं मिळून मोजू.” अर्ध्या तासानं भाग बरोबर निघाला. त्याने स्वतःहून माझी माफी मागितली आणि कँटीनमध्ये भजी खाऊ घातली. त्या दिवसापासून आमची दोस्ती. तो परभणीकडचा, मी इथलाच. ईदला तो माझ्याकडं, दिवाळीला मी त्याच्याकडं, आणि दोन्ही वेळा वाद मायक्रोमीटरच्या मापावरून.

पण त्या स्वच्छ गार खोलीत यायच्या आधी बारा वर्षं त्याने फाउंड्रीत काढली होती. ओतीव भाग ग्राइंडरनं घासून साफ करायचं खातं. दिवसभर बारीक काळी धूळ, तोंडाला फक्त रुमाल, आणि सुटीत सिगारेट. सिगारेट त्याने पन्नाशीत सोडली. धूळ मात्र त्याला सोडेना. रिटायर झाल्यावर वर्षभरात दम लागायला लागला. फुंकायच्या मशीनवर तपासणी झाली आणि कागदावर सीओपीडी आलं. आपल्याकडं सरसकट ‘दमा’ म्हणून मोकळे होतात, पण हा वेगळा, कायमचा चिकटलेला फुफ्फुसांचा आजार. तोंडातून ओढायचे पंप सुरू झाले. चऱ्होलीच्या नव्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत तो दिवसभर बसून राहायचा. मी गेलो की म्हणायचा, “स्क्रॅप झालो रे. लाल रंग मारून बाजूला ठेवलेला माल.” हे ऐकवत नसे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा माल स्क्रॅप ठरवला, त्याच्या तोंडून तर अजिबात नाही.

मग भेटल्या डॉ. मेघना. नेहमीच्या तपासणीसाठी मी त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर ही तिशीतली मुलगी हातात कागद घेऊन एकेका पेशंटला काहीतरी विचारत होती आणि लोक मान हलवून नाही म्हणत होते. आमच्यापाशी आली तोवर चेहरा पडला होता. एम.डी.चा प्रबंध होता तिचा. म्हणाली, “काका, आजार फुफ्फुसांत असतो, पण तो तिथंच थांबत नाही. तिथली सूज रक्तात उतरते. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. रक्त जोरात आलं की ते अस्तर वाहिनीला सांगतं, सैल हो, आणि वाहिनी रुंद होते. अस्तर बिघडलं की ती नीट उघडत नाही. पुढं हृदयाला त्याचा त्रास होऊ शकतो. मला दंडातली धमनी किती उघडते ते मोजायचंय. आणि त्याच दिवशी रक्त घेऊन सुजेच्या काय खुणा सापडतात, त्या या मापाशी ताडून पाहायच्यात. यानं तुम्ही बरे होणार नाही, हे आधीच सांगते.”

सोनटक्के ताठ बसला. वर्षभरात मी त्याला असा बसलेला पाहिला नव्हता. “धमनी केवढी असते?”

“ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद.”

“आणि उघडते किती?”

“केसाच्या दोन-तीन पट, फार तर.”

“आणि ते तुम्ही बाहेरून मोजता? जिवंत माणसात?” त्याचा आवाज इतका चढला की शेजारची म्हातारी दचकली. मग माझ्याकडं वळून, धाप लागत असताना, “अरे, लै भारी! युनूसभाई, गिअरबॉक्सचं तेल काढून लॅबला पाठवायचो, आठवतं का? तेलात कुठल्या धातूची कणी आली त्यावरून आत काय झिजतंय कळायचं. तसंच हे! मशीन न खोलता!” आणि मेघनाला, “लिहा माझं नाव. एवढे लोक कामून नाही म्हणायलेत तुम्हाला?”

संमतीपत्राची सगळी पानं त्याने तिथंच वाचली. सही करायच्या आधी म्हणाला, “मॅडम, पान चार दोनदा आलंय आणि पाच नाहीच.” ती हसली. बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच.

तपासणीची खोली दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. थंड, शांत, पडदे ओढलेली. सकाळी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, चहा-तंबाखू वर्ज्य; पंप आणि गोळ्या मात्र नेहमीच्या घ्यायच्या. पलंगावर उताणं झोपायचं, एक हात बाजूला पसरायचा. दंडावर मेघना सोनोग्राफीची मूठ धरायची. कोपराखाली पट्टा बांधून हवा भरायची, हातात रक्त जाणं बंद. पाच मिनिटं. मग पट्टा सोडला की रक्त धावत येतं आणि पडद्यावरची धमनी, दोन पांढऱ्या रेघांमधला तो काळा पाट, हळूहळू रुंदावतो. पहिल्या दिवशी मला आत बसू दिलं होतं. पट्टा सुटला तेव्हा सोनटक्के मान वळवून पडद्याकडं असा बघत होता की मॅडमना दोनदा सांगावं लागलं, काका, मान सरळ.

गडबड पुढच्या आठवड्यात झाली. एकाच सकाळी, थोडी विश्रांती देऊन, मेघनानं त्याचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही मापं जुळली नाहीत. मागच्या काही पेशंटचीही जुळली नव्हती. तिच्या सरांनी बजावलं होतं की पुन्हा घेतलेलं माप पहिल्याशी जुळत नसेल तर प्रबंधाला अर्थ नाही. ती खुर्चीत बसून राहिली. मी दाराशी होतो. सोनटक्के पलंगावरून उठत म्हणाला, “मॅडम, एकच वस्तू दोनदा मोजली आणि दोन मापं आली, तर वस्तू बदलली की मोजणारा?”

“म्हणजे मी चुकतेय, असंच ना?” ती एकदम त्याच्याकडं वळली. “सगळे तेच म्हणतात.”

“तुम्ही न्हाई हो माय. तुमचा हात थकतो आणि माझा सरकतो. पाच मिनिटं कोण पुतळ्यासारखं धरून ठेवील? ह्याला फिक्स्चर लागतं.” फिक्स्चर म्हणजे वस्तू हलू नये म्हणून तिला पकडून ठेवणारा साचा, आमचं अर्धं आयुष्य त्यातच गेलेलं. मेघना म्हणाली, परदेशात तसे स्टँड मिळतात, पण विभागाला मागवणं शक्य नाही. सोनटक्के माझ्याकडं बघून नुसता हसला. मला कळलं, आता माझी सुट्टी संपली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गडी भोसरीत, नोकरीनंतर मी टाकलेल्या छोट्या वर्कशॉपवर हजर. धूळ चालत नाही त्याला, म्हणून मी आधी सगळी मशिनं बंद करून फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. त्याने स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि मला भोवती पेन्सिल फिरवायला लावली. पहिला नमुना मी स्टीलचा केला. झोकात पॉलिश वगैरे मारून नेला, तर मेघनानं हात लावून पाहिला आणि म्हणाली, “काका, हा गार आहे. गार लागलं की धमनी आकसते.” आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. गरम लोखंड फुगतं म्हणून मला वाट बघायला लावणारा माणूस ही गोष्ट विसरला होता! परतताना गाडीत हसून हसून त्याला खोकला लागला. मला गाडी बाजूला घ्यावी लागली, पंप द्यावा लागला, आणि पंप घेऊन झाल्यावर तो परत हसायला लागला.

दुसरा नमुना नायलॉनचा, पण त्याचा पट्टा कोपरावर दाबत होता. तिसऱ्यात हाताखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखी मऊ फोमची खाच, मनगटाला सैल आधार, आणि वर ॲल्युमिनियमच्या दांड्यावर सोनोग्राफीची मूठ धरणारा चिमटा. स्क्रू फिरवला की मूठ केसाकेसानं सरकायची, सोडली की जागची हलायची नाही. हे फिक्स्चर वापरायला सरांनी हॉस्पिटलच्या नैतिकता समितीची रीतसर परवानगी घ्यायला लावली. त्यात काही आठवडे गेले. तेवढ्या काळात सोनटक्केनं मला चौदा वेळा फोन केला. मी मोजले होते, कारण तो म्हणालाच होता, मोज.

आणि तो गुरुवार! मेघनानं पहिलं माप घेतलं. विश्रांती. दुसरं माप घेतलं. संगणकावर रेघा लावताना तिनं ओठ घट्ट मिटले होते. मग तिनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्चीतून उठून चक्क टाळी वाजवली. “जुळलं काका! जुळलं!” सोनटक्के पलंगावर आडवा, हात खाचेत अडकलेला, उठता येईना, तरी दुसरा हात वर करून ओरडला, “अजून एकदा घ्या! दोनदा जुळणं हा योगायोगही असतो!” तिसऱ्यांदाही जुळलं. नर्स धावत आली, तिला वाटलं काय झालं कुणास ठाऊक. माझ्या हातून इतक्या वर्षांत गाड्यांच्या भागांचे कितीतरी साचे निघाले असतील, पण त्या सकाळी वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. आमच्या साच्यात एका माणसाचा हात होता आणि त्या हातात रक्त धावताना दिसत होतं.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. त्याची धमनी फारशी उघडत नव्हती. मेघनानं ते त्याला लपवलं नाही आणि हृदयाच्या डॉक्टरांकडंही पाठवलं. तिथल्या गोळ्या त्याने नेमानं घेतल्या. मी त्याची फाइल घेऊन जिना उतरायला लागलो. तोच म्हणाला, “तोंड कामून पाडलंस? माप वाईट आलं, पण खरं आलं. खोटं चांगलं आलं असतं तर काय उपयोग?”

पुढं तर त्याला अंगातच आलं. आजारी माणसांची मापं ताडून बघायला त्याच वयाची निरोगी माणसंही लागतात, हे कळल्यावर त्याने चाकणचे जुने सोबती, सोसायटीचे वॉचमन, देहूरोडचा लष्करातून निवृत्त झालेला एक सुभेदार, असे लोक गोळा केले. दर गुरुवारी माझी गाडी. एकदा आमच्या कंपनीतल्या भोसलेला मोठ्या मिनतवारीनं तयार केला. नाशिक फाट्याजवळ सोनटक्केनं नाक वर करून वास घेतला. “भोसले, तोंड उघड.” गालात तंबाखू. “राव, एवढीशी तर हाय!” भोसले काकुळतीला आला. सोनटक्केनं ऐकलं नाही, त्याला तिथंच उतरवून बसमध्ये बसवून दिलं. पुढच्या गुरुवारी भोसले न बोलावता आला, तोंड आधीच उघडं ठेवून!

फक्त एक जण कधी खूश नव्हतं. शोभावहिनी. “ह्यानं तुमचा दम कमी होणार का?” असं त्या विचारायच्या आणि तो प्रामाणिकपणे नाही म्हणायचा. “मग रक्त काढून घ्यायला कामून पळत जाता?” तो म्हणायचा, “शोभा, फाउंड्रीत आज पोरं काम करायलीत. त्यांच्यासाठी.” वहिनी भांडी आपटायच्या. मेघनाला बायका मिळत नव्हत्या, तिला वहिनींच्या वयाच्या निरोगी बायका हव्या होत्या, पण ते घरात काढायची सोनटक्केची हिंमत झाली नाही. मला म्हणाला होता, “सगळ्यांना विचारीन, तिला न्हाई. तिनं नाही म्हणलं तर मला लागेल, आणि हो म्हणलं तर ते माझ्यासाठी असंल.”

...तो गेला तो दिवस त्याच्या शेवटच्या तपासणीचा होता.

दहाव्या दिवशी मेघना चऱ्होलीला आली. मी तिला म्हणालो होतो, वहिनी रागात आहेत, नको येऊस. ती आली. खुर्ची दिली तरी वहिनींच्या समोर फरशीवर बसली. वहिनींनी सरळच विचारलं, “उपाशी होते म्हणून गेले का ते?”

“नाही काकू. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत आपण सगळेच उपाशी असतो. त्यानं असं होत नाही. पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, मनात ठेवलं नाहीत.”

“मग कशानं?”

“एका माणसाचं नेमकं कारण सांगता येत नाही. पण फुफ्फुसांच्या या आजारात हृदय आणि रक्तवाहिन्या सोसत असतात. बाहेरून कळत नाही. दम लागतो म्हणून माणूस फुफ्फुसांकडंच बघत राहतो.”

वहिनी साडीच्या पदराचा काठ दुमडत बसल्या. “म्हणजे ह्यांना जे झालं... तेच तुम्ही आधी दिसतंय का ते शोधत होता?”

“हो. अजून सापडलेलं नाही. काका होते म्हणून निदान माप तरी नीट घेता येतं.”

वहिनी उठून आत गेल्या. मेघना मला जिन्यात म्हणाली, “मी चुकीचं बोलले का हो?” मी तिला फाटकापर्यंत सोडून आलो.

आणि मागच्या मंगळवारी फोन. “युनूसभाऊ, गुरुवारी किती वाजता निघता?” मी म्हटलं, कुठं वहिनी? “कुठं म्हणजे? माझं नाव लावा त्या पोरीकडं. मला बीपी नाही, साखर नाही, चुलीचा धूरसुद्धा लग्नानंतर बघितला नाही. तिला लागते तशीच आहे मी.” मी विचारलं, तुमचं मन... “माझं मन मी बघते. तुम्ही वेळ सांगा.”

परवा त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी दाराशी उभा होतो. वहिनी पलंगावर झोपल्या. मेघनानं त्यांचा हात खाचेत ठेवला. त्यांचा हात बारीक, सोनटक्केच्या हाताभोवती पेन्सिल फिरवून बनवलेल्या खाचेत तो थोडा खोल गेला. मेघना खाली घडी ठेवायला वाकली तर वहिनी म्हणाल्या, “राहू द्या थोडं असंच.” मग त्यांनीच मान डोलावली. घडी ठेवली, पट्टा बांधला, हवा भरली. पाच मिनिटं खोलीत फक्त एसीचा आवाज. पट्टा सुटला. पडद्यावरच्या दोन पांढऱ्या रेघा एकमेकींपासून लांब सरकायला लागल्या आणि मला, एवढ्या दिवसांत शिकलेल्या डोळ्यांना, लगेच दिसलं. केवढी उघडली! मेघनाच्या चेहऱ्यावर ते आलंच.

“हे माझंच का?” वहिनींनी विचारलं.

“तुमचंच, काकू.”

“चांगलं आहे का?”

“छान आहे.”

वहिनींचे डोळे भरले, पण आवाज स्वच्छ होता. “मग लिहून घ्या नीट.”

रक्त देऊन झालं, दंडाला कापसाचा बोळा धरून त्या बाहेर आल्या. लिफ्टसमोर मी म्हटलं, चला वहिनी, सोडतो घरी, आज फार दगदग झाली. त्या लिफ्टकडं न बघता हिशेब केल्यासारख्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“आमच्या बिल्डिंगमधल्या तिघी तयार आहेत,” त्या म्हणाल्या. “एकीला सुईची भीती आहे, तिला मी समजावते. पुढच्या गुरुवारी तुमच्या गाडीत चौघी बसतील ना हो?”